बेसिनच्या पाइपाभोवतीची फट

१५ एप्रिल, मंगळवार

पहिल्या पानावर नाव लिहिलं: भैय्यालाल रामटेके, लाकडी फ्लोअरिंग, भनपुरी, रायपूर. डायरी भावनाने बिलासपूरहून पाठवली. तिच्या बँकेत उरलेली असणार, नाहीतर एप्रिलात कोणती पोरगी बापाला डायरी पाठवते. वरून निरोप, की बाबा, फोनवर मी विचारते एक आणि तुम्ही सांगता भलतंच, तर मनातलं यात लिहीत जा. आता बिलासपूरचं नेटवर्क खराब, त्याला बाप काय करणार.

काल जयंती झाली. या वर्षी पोट्ट्यांनी डीजे एकदम शिस्तीत लावला. मिरवणूक आमच्या फाटकासमोरून गेली, छातीत धडधडलं तेवढंच, कानाला काही त्रास नाही. मी मंडळाच्या अध्यक्षाला मुद्दाम जाऊन म्हटलं, असंच पाहिजे. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. कौतुकाची सवय नसेल. घरात आलो तर कमला दोन्ही कानांत कापूस घालून बसलेली. तिचं डोकं आजकाल लवकर दुखतं.

आज तिने पुन्हा तेच काढलं. "वरच्या बेसिनच्या पाइपाजवळची फट भराना. झुरळं येऊन राहिले तिथून." वरच्या मजल्यावर मी सागाचं फ्लोअरिंग टाकलं आहे, गिऱ्हाइकाला नमुना म्हणून दाखवायला. भरतो म्हटलं. दरवर्षी म्हणतो.

२४ एप्रिल, गुरुवार

नवं काम, आणि नव्या तऱ्हेचं. चौबे कॉलोनीत डॉ. देवयानी म्हणून बाई आहेत, मूळच्या पुण्याकडच्या. गोळ्या देणाऱ्या डॉक्टर नाहीत, लोकांच्या मनातलं ऐकून घेणाऱ्या. वरच्या खोलीत त्या एकेकाला बसवतात, खाली हॉलमध्ये बाकीचे थांबतात. वरच्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, त्याचा पाइप फळ्यांतून आणि स्लॅबमधून खाली उतरतो. खाली तो प्लायच्या खोक्यात झाकलेला आहे, वॉल्व्हसाठी खोक्याला छोटी जाळी. त्या जाळीला लागून सोफा.

"रामटेके, वर बोललेलं खाली ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे लोक जे बोलतात ते त्यांच्या घरच्यांनीसुद्धा ऐकायचं नसतं. बरेचदा घरच्यांनीच ऐकायचं नसतं. एक शब्द खाली जाता कामा नये."

मी त्यांना समजावलं. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आटतं, म्हणून पाइपाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावीच लागते, नाहीतर फळी पाइपाला रेटून उचलते. आधीच्या मिस्त्रीने जागा सोडली, चांगलं केलं. भरली नाही, वाईट केलं. त्यात फोमची दोरी ठासायची, वरून रबरासारखं नरम राहणारं सीलंट, त्यावर पाइपाभोवती बसणारी कॉलर. पोपडे धरणारी पुट्टी नाही, भुसा नाही.

मग बाई वर बोलत राहिल्या आणि मी न् पोरगा प्रशिक खाली जाळीशी उभे राहिलो. मला डब्यात कोंडलेल्या माशीसारखी गुणगुण आली. प्रशिक मात्र म्हणाला, "पापा, एक-एक शब्द साफ़ आ रहा है. मैडम किसी टीचर की बात बता रही हैं." गिऱ्हाइकाच्या घरात काम थोडं मोठं करून सांगायचं असतं हे पोट्टा शिकला. बरं वाटलं.

हे काम जमलं तर वेगळा धंदाच आहे हा. दवाखाने आहेत, वकिलांच्या केबिनी आहेत. गुपित सगळ्यांकडे असतं आणि फट सगळ्यांकडे असते.

३० एप्रिल, बुधवार

भराई झाली. सगळं सविस्तर लिहितो, कारण या कामावर पुढचं सगळं आहे.

सकाळी प्रशिक म्हणाला, "पापा, एक फळी खोल के देख लेते हैं. नीचे स्लॅब का होल भरा है कि नहीं." फळ्या उचलायच्या म्हणजे भिंतीकडची पट्टी काढा, बेसिन हलवा, बाईंचे दोन दिवस बुडवा. मी म्हटलं, "माझं नाणं आहे ना."

हे नाणं आता रायपूरच्या ठेकेदारांत माझ्या नावापेक्षा जास्त चालतं. आमचे बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते, चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा सांगायचे. त्यांनी मला शेतवाडी काही दिली नाही, कान दिला. मी लाकूड चिरायच्या आरा मशीनवर फळ्या उचलत वाढलो, पण फळीवर रुपया टाकला की खाली भरीव आहे का पोकळ, ते मला तेव्हाही कळायचं. लोक आपलं काम संपलं की मला चहाला बोलावतात आणि हळूच म्हणतात, रामटेकेजी, जरा सिक्का गिरा दीजिए. शेवटी-शेवटी बाबांशी बोलायला पाटी-पेन्सिल लागायची, पण ते कारखान्याच्या खणखणाटाने. माझ्याकडे कुठला खणखणाट, आपली साधी आरा मशीन.

तर पाइपाभोवती चारही बाजूंनी रुपया टाकला. पोकळाला बारीक खणक येते, भांड्याला नख मारल्यासारखी. आली नाही. म्हणजे खाली भरीव. कॉलरचं माप लहान निघालं म्हणून प्रशिकला भनपुरीला पिटाळलं आणि मी एकट्याने दोरी ठासली, सीलंट ओढलं. अशी रेघ आली की कुंभारानेही पाहावी.

मग चाचणी. बाई वर बोलल्या, मी खाली सोफ्यावर. शांत. इतकं शांत की डोक्यावरच्या पंख्याचाही आवाज नाही. पंखा नवा दिसतो. वर जाऊन सांगितलं, "मॅडम, एक अक्षर नाही." त्यांनी मोठा श्वास सोडला. म्हणाल्या, "तुमच्या कानाबद्दल ऐकून होते."

मी हत्यारं आवरत होतो तेवढ्यात पुढची पेशंट वर आली. सदर बाजारातल्या मोठ्या घरची सून, तिशीही नसेल. तिने मला काही विचारलं, पण इतक्या बारीक आवाजात की बाईंना ते माझ्यासाठी परत म्हणावं लागलं. "ती विचारते, अंकल, नीचे तो नहीं जाएगा न?"

मी छातीवर हात ठेवला. "बेटा, रामटेके का कान है. यहाँ बम फोड़ो, नीचे दिवाली नहीं मनेगी."

हसली ती. हसताना पर्स दोन्ही हातांनी गच्च धरून होती.

खाली तिची सासू आली होती सोबत. चांगली बाई, मला पाणी विचारलं. पंख्याखालची खुर्ची सोडून जाळीकडच्या कोपऱ्यात बसली होती. वयात वारा सोसत नाही.

भराई पक्की.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात लोक आजकाल वंदना तोंडातल्या तोंडात म्हणतात. मी पहिल्या गाथेवर आणि सगळे पुढे, कमलाने कोपर मारलं तेव्हा कळलं. खीर चांगली होती.

घरी डाळ जळली. कमला म्हणे, "तुमाले म्हटलं होतं, तीन शिट्ट्या झाल्या का बंद करा. पाच झाल्या, तुमी पेपरच वाचून राहिले." मी म्हटलं, शिट्टी झालीच नाही, कुकर बदलू. तिने जळका कुकर नळाखाली धरला. मग पाठ करून भावनाला फोन लावला. काय बोलली ते नाही समजलं. मायलेकींचं काही असेल.

आणखी दोन ठिकाणांहून विचारणा आली, दोन्हीकडे देवयानीबाईंनीच नाव सांगितलं. एका वकिलाकडे बोलणी झाली. प्रशिक मध्ये-मध्ये बोलत होता, वकील मला विचारतो आणि उत्तर हा देतो. बाहेर आल्यावर मी झापलं. "बाप जिवंत आहे अजून." तो गाडी चालवत राहिला. म्हणाला काहीतरी, रस्त्यावर ट्रक फार.

९ जून, सोमवार

दुपारी देवयानीबाईंचा फोन आला. मी दोनदा हॅलो, तीनदा जी मॅडम केलं, मग प्रशिकने फोन घेतला. ऐकता-ऐकता त्याचा चेहरा उतरला. तसेच निघालो.

बाईंनी बसा म्हटलं नाही. माझ्यासमोर उभ्या राहून बोलल्या, म्हणून कळलं.

"त्या मुलीने मला मागच्या आठवड्यात सांगितलं की ती घर सोडणार आहे. लहान मुलीला घेऊन जबलपूरला, बहिणीकडे. नोकरी मिळाली होती तिला. दिवस ठरला होता. ही गोष्ट तिने या खोलीबाहेर कुणालाही सांगितली नव्हती, रामटेके. सासू खाली बसली होती. दोघी घरी पोचायच्या आत घरच्यांनी लहान मुलीला गावी पाठवून दिलं. कोणत्या गावी, कुणी सांगत नाही. हिचा फोन बंद. नवरा इथे येऊन गेला. म्हणतो, उसको अब ज़रूरत नहीं है. जाताना या जाळीवर बुटाने टकटक करून गेला."

मी म्हटलं, होऊ शकत नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, एक अक्षर नाही."

"म्हटलं होतं."

"मी दुसऱ्या कुणाला खाली उभं करून पाहिलं नाही. तुमचा कान आहे म्हणून."

वर गेलो. सीलंटची रेघ तशीच, कुठे चीर नाही. नाणं टाकलं. भरीव. प्रशिककडे पाहिलं, त्याने नजर चोरली. मग न विचारता त्याने भिंतीकडची पट्टी काढली, बेसिनखालच्या फळ्या उचलल्या.

खाली स्लॅबचं भोक सताड उघडं होतं. पाइप मनगटाएवढा आणि भोक भाताच्या पातेल्याएवढं. प्रशिकने टॉर्च मारला तर उजेड सरळ खोक्यातून उतरून जाळीतून सोफ्याच्या कडेवर पडला. मी वरचं तोंड तेवढं बंद केलं होतं. आवाज भिंतीकडच्या फटीतून फळ्यांखाली शिरत होता आणि खाली उतरत होता, आरामात, आधीसारखाच.

फळ्या परत ठेवायला सांगितल्या. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "एक नाणं भोकावरच्या फळीवर टाक, एक लांब टाक. कोणतं कुठं ते मी सांगतो."

वाट पाहिली. मग म्हटलं, "टाक ना."

वळून पाहिलं तर दोन्ही नाणी जमिनीवर होती. प्रशिक भिंतीशी बसलेला, डोकं गुडघ्यात. देवयानीबाई दारात उभ्या.  काही बोलल्या असतील तर मला ऐकू आलं नाही.

११ जून, बुधवार

कमलाला समोर बसवलं. तिच्या तोंडाकडे पाहून बोलतो मी, हे मला आत्ता कळलं. किती दिवस असं पाहतोय कोण जाणे.

"कवापासून?"

"दोनक वर्सं झाले."

"काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं ना. कितीकदा सांगतलं. तुमी म्हणता नेटवर्क खराब आहे, कुकर खराब आहे, लोक हळू बोलतात." मग म्हणाली, "अन् चारचौघात तुमी नाणं टाकता तवा तुमचा चेहरा कसा होते तुमाले मालूम नाही. मले मालूम आहे. कसं म्हणू मग?"

प्रशिकने मागच्या वर्षापासून माझ्यामागे प्रत्येक काम पुन्हा तपासलं होतं. मी गेल्यावर जाऊन, गुपचूप. फळ्या उचलून, भरून, बसवून. मला वाटायचं पोट्टा गिऱ्हाइकांकडे गप्पा छाटायला जातो. चौबे कॉलोनीचंही तपासणार होता. पण त्या कामावर मी त्याला कॉलर आणायला पिटाळलं, आणि बाईंना इतकं ठामपणे सांगितलं की पुन्हा फळ्या उचलू द्या म्हणायला त्याला तोंड राहिलं नाही. बापाला खोटं पाडायचं नव्हतं त्याला. तेवढंच.

सगळ्यांनी मला सांभाळलं. सांभाळता-सांभाळता ती पोरगी गेली.

२० जून, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानाला काही लावलं आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी धंदेवाला माणूस, बाहेरच्या मुलीच्या खांद्याकडे पाहत होतो. ती बटण फिरवायची तेव्हा खांदा हलायचा, तेव्हा मी दाबायचो. तिने खुर्ची फिरवून घेतली. मग दाबायला काही उरलं नाही.

डॉक्टर म्हणाले, प्रशिकने कागदावर लिहून दाखवलं: नस सुकली आहे. मशीन आवाज मोठा करेल, शब्द साफ करणार नाही. उशीर झाला.

मशीन घेतलं. घरी येऊन लावलं तर चपला वाजतात, ताट वाजतं, नळ वाजतो. कमला बोलते ते तसंच, तोंडावर गोणी धरून बोलल्यासारखं. मला आधी वाटायचं जग शांत झालं आहे. जग केवढा गोंधळ घालत होतं, आणि त्यात माझ्या कामाचं एवढंही नाही.

वकिलाला प्रशिककरवी नकार कळवला.

२७ जून, शुक्रवार

देवयानीबाईंनी दारावरची पाटी काढली. स्लॅबचं भोक प्रशिकने सिमेंटने भरून दिलं होतं, खोकं काढून भिंतही नीट केली. आता खरंच एक अक्षर जात नाही. पण खाली थांबणारे थांबेनात. शहर लहान आहे, कुठे काय ऐकू आलं ते सगळीकडे पोचलं. बाई परत पुण्याकडे चालल्या आहेत. मी माफी मागितली. त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, "मीही विचारायला हवं होतं." मोठ्या मनाच्या आहेत. त्याचाही उपयोग नाही.

त्या मुलीचं काही कळलं का, विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पोलिसांत जाऊन आल्या होत्या. घरचा मामला आहे, असं ऐकवलं म्हणे.

परत येताना प्रशिकला गाडीत बसवून मी सदर बाजारात एकटाच उतरलो. घर शोधायला वेळ लागला नाही. खाली दुकान, गल्ल्यावर सासू. तिने मला ओळखलं. हात जोडले, हसून काही बोलली, हाताने बसा म्हणाली. एका पोराने पाणी आणून दिलं. मी उभाच राहिलो. विचारणार होतो, बहू कहाँ है, बच्ची कहाँ है. विचारलंही. बाई बराच वेळ बोलली, अगदी गोड चेहऱ्याने, मधूनच वर बोट करून. बाहेर स्कुटरांचा लोंढा, मशीनमध्ये नुसता हॉर्न. मी तिच्या ओठांकडे पाहत होतो. पान खाऊन बोलणाऱ्या बाईचे ओठ काही सांगत नाहीत.

वर म्हणजे काय? वर आहे? वर गेली? वरच्या खोलीत कोंडली आहे? वरचा जाणतो? पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, त्याच गोड चेहऱ्याने.

पाणी पिऊन आलो.

प्रशिकला नंतर पाठवलं. त्याला दुकानात शिरू दिलं नाही.

६ जुलै, रविवार

आठवडाभर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नाही. भनपुरीच्या गोदामाची चावी प्रशिककडे दिली. ठेकेदार अजून चहाला बोलावतात. नाणं टाका म्हणत नाहीत.

आज घरच्या बेसिनच्या पाइपाची फट भरली. कमलाने सांगितलंही नव्हतं या वेळी. फळ्या पावसाने फुगल्या होत्या, उचलायला त्रास झाला. आधी स्लॅबचं भोक पाहिलं. उघडं. माझ्याच घरात, माझ्याच नमुन्याखाली, इतकी वर्षं. ते सिमेंटने भरलं, फळ्या बसवल्या, दोरी ठासली, सीलंट ओढलं. हात अजून चांगला आहे.

चाचणी करायचीच होती. कमलाला म्हटलं, पाइपाजवळ बस आणि काहीपण बोल. मी आणि प्रशिक खाली जाऊन उभे राहिलो. मशीन काढून खिशात ठेवलं. मी छताकडे नाही, प्रशिककडे पाहत होतो, आता त्याच्याच तोंडावरून सगळं ओळखायचं.

आधी तो मोबाइलमध्ये पाहत होता. मग त्याचा अंगठा थांबला. मोबाइल हळूच खिशात गेला. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि पाइपावर हात ठेवून, कान देऊन बराच वेळ उभा राहिला, वर कोणी झोपलेलं असावं आणि उठू नये तसा.

वळला तेव्हा विचारलं, "काय आलं?"

माझ्या अगदी समोर येऊन, तोंड मोठं करून, एकेक शब्द वेगळा करत तो म्हणाला, "कुछ नहीं, पापा. कुछ सुनाई नहीं दिया."

वर गेलो. कमला बेसिनवर वाकून तोंड धूत होती. मी विचारलं, काय बोलली होतीस. तिने पदराने तोंड पुसलं आणि ओल्या हाताची बोटं उघडून दाखवली. एक, दोन, तीन.

एक-दोन-तीन म्हणायला इतका वेळ लागत नाही.

पुन्हा विचारलं नाही. कॉलर उचलली, पाइपावर चढवली, अंगठ्याने चारही बाजूंनी दाबून बसवली.

भराई पक्की.